ड्रोनचा चष्मा

पहिल्यांदा तो चष्मा मी डोळ्यांना लावला आणि पाच मिनिटांत पाटात पडलो. पाट म्हणजे आमच्या घरामागच्या उसाला पाणी देणारा, गुडघाभर खोल. त्या दिवशी नशिबानं कोरडा होता. समोर मला आमचं सगळं केडगाव वरून दिसत होतं, रेल्वेचे रूळ सूर्यप्रकाशात चमकत होते, आणि मी आनंदानं एक पाऊल मागं सरकलो. माझ्या पायामागं काय आहे हे शंभर मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याला कसं ठाऊक असणार? धाकटी पोरगी हसून हसून लोळली. अम्मी ओट्यावरून ओरडली, "अरे, या वयात डोळे बांधून आंधळी कोशिंबीर कशाला खेळतोस?"

अम्मीनं हसण्यावारी म्हटलेली ती गोष्ट सहा-सात महिन्यांनी मला फार वेगळ्या तऱ्हेनं आठवायची होती.

ड्रोन आमच्या थोरल्याचा. बारावीनंतर तो पुण्याला कॉलेजात जाऊ लागला, रोज केडगाव स्टेशनवरून गाडीनं ये-जा. तिथल्याच एका ओळखीच्या मुलाकडून त्यानं 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत हा जुना ड्रोन घेतला. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते, म्हणून मी आडवा आलो नाही. ड्रोन तळहातापेक्षा थोडा मोठा, तीनशे ग्रॅमचा. सोबत रिमोट, दोन बॅटऱ्या आणि हा व्हिडिओ चष्मा. कागदपत्रं विचारून घ्यायची असतात हे त्याला सुचलं नाही आणि मलाही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत 26 वर्षं मी पोरांना नागरिकशास्त्र शिकवतोय, हे इथं कबूल केलेलं बरं.

चष्मा म्हणतात खरा, पण ते डोक्याला बांधायचं खोकं आहे. आत दोन छोटे पडदे, त्यांच्यापुढं भिंगं, कडेनं फोमची गादी आणि मागं जाड पट्टा. पट्ट्यासकट वजन किलोच्या आसपास. आमच्या या जुन्या जोडीत चष्म्यापासून रिमोटपर्यंत एक वायर जायची. फोनवर बघून उडवायचं तर फोन रिमोटला लावायचा, चष्मा लावला की फोनची सुट्टी. ड्रोनवरचा कॅमेरा जे पाहतो ते थेट तुमच्या डोळ्यांपुढं, एवढं मोठं की आपण सिनेमाच्या थिएटरात पहिल्या रांगेत बसलोय असं वाटावं.

त्याची मजा मी नाकारणार नाही. फोनच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नाही, हाताची सावली करून डोळे किलकिले करावे लागतात. चष्म्यात ऊन नाही, सावली नाही, तुम्ही आणि आकाश. आमचं गाव एवढं देखणं आहे हे मला पन्नाशीत कळलं. एका अंगाला रेल्वे, दुसरीकडं चौफुल्याकडून येऊन शिरूरकडं जाणारा रस्ता, मध्ये उसाच्या हिरव्या चौकटी, गुऱ्हाळाच्या धुराड्यातून निघणारा धूर सरळ वर जाताना. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची दाट झाडी लांबून दिसायची. तिकडं ड्रोन न्यायचा नाही, तिथं मुली-बायका राहतात, असं मी थोरल्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रेल्वेच्या तारांकडंही नाही. त्या तारांत 25,000 व्होल्ट असतात.

पण सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती अम्मीची. अब्बांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आमच्याकडं बायका कब्रस्तानात जात नाहीत आणि अम्मीचे गुडघे तर तिला दारापर्यंतही नीट नेत नाहीत. कब्रस्तान घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिनं ते पाहिलेलं नव्हतं. जानेवारीतल्या एका सकाळी थोरल्यानं मशिदीच्या विश्वस्तांना विचारलं, ते "खुशाल" म्हणाले. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर अम्मीला बसवून चष्मा लावला. वायर जेमतेम हातभर, म्हणून तो तिच्या पायाशी बसला. त्याच्यापुढं कसलाच पडदा नव्हता. मान वर करून, डोळ्यांनी ड्रोनकडं बघत त्यानं तो हळूहळू कब्रस्तानावर नेला आणि उभा केला.

"दिसतंय का, दादी?"

"लिंबाचं झाड दिसतंय. त्याच्या अलीकडं पांढरा दगड, तोच ना रे?"

"तोच."

मग ती काही बोलली नाही. ओठ हलत होते. बॅटरी संपत आल्याची टीटी सुरू झाली तेव्हा थोरल्यानं ड्रोन परत आणला. चष्मा काढला तर आतला फोम ओला. तो म्हणाला, थंडीत भिंगांवर वाफ धरते. मी म्हटलं, धरत असेल.

आता त्रासाचं सांगतो. ते मला आधी माझ्या शरीरानं सांगितलं. माझा नंबर उणे साडेचार, शिवाय तिरपा नंबर वेगळा. नेहमीचा चष्मा घालून हे खोकं बसत नाही. जोर देऊन बसवलं तर काड्या कानशिलात रुततात आणि काच भिंगाला घासते. नंबरचा चष्मा काढला तर आकाश अंधुक. नव्या जातीच्या काही चष्म्यांत चाकं फिरवून नंबर जुळवता येतो म्हणे, पण तिरपा नंबर असलेल्याला त्यानंही भागत नाही. आमच्या जुन्यात काहीच सोय नव्हती. माझ्यासारख्या माणसाला ड्रोनची बॅटरी किती उरली, उंची किती, हे कोपऱ्यातले बारीक आकडे वाचताच येत नव्हते. जे आकडे सगळ्यात आधी वाचायचे, नेमके तेच कडेला आणि धूसर.

मग मळमळ. ड्रोन झटकन वळला की पोटात गोळा यायचा. दिवे घाटात एसटीत बसून वर्तमानपत्र वाचताना होतं ना, त्यातलाच प्रकार, फक्त उलटा. एसटीत कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि कागदावर खिळलेले डोळे सांगतात की नाही. इथं डोळे सांगतात आपण उडतोय, कान सांगतो बाबा रे तू बांधावर उभा आहेस. दोघांचं जमत नाही आणि भोगतं पोट. पोरांना सवय होते, मला झाली नाही. खाली बसून पाहिलं तर थोडं बरं वाटायचं, आणि पाटात पडायचीही भीती नाही.

किरकोळ कटकटी तर विचारू नका. ड्रोनची बॅटरी, रिमोटची बॅटरी, फोनची बॅटरी, त्यात आता चष्म्याची चौथी. डब्यावर सोळा मिनिटं उडेल असं लिहिलेलं, प्रत्यक्षात अकरा-बारा मिनिटांत परत बोलवावा लागे. एवढ्याशा उडण्यासाठी पट्टा आवळायचा, वायर जोडायची, यातच माणूस घामाघूम. एकदा चष्मा भिंगं वर करून बांधावर ठेवला तेव्हा थोरला माझ्यावर खेकसलाच. भिंगातून ऊन आतल्या पडद्यावर एकवटतं आणि पडदा जळतो. लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो तेच. आणखी एक, जी मला सगळ्यात खटकायची: घरातलं एक माणूस मजेत आणि बाकीचे चौघे त्याच्या तोंडाकडं बघत उभे. फोनवर निदान सगळ्यांना डोकावता येतं.

खरं जोखमीचं मात्र वेगळंच आहे. कॅमेऱ्याला फक्त समोरचं दिसतं. माणसाला डोकं न हलवताही डाव्या-उजव्या कानापर्यंतचं काहीतरी जाणवत असतं. चष्म्यात एक चौकट, बाकी काळोख. ड्रोन मागं किंवा आडवा सरकवला तर तो कशावर जातोय हे कुणालाच दिसत नाही. शेतातली मोटारीची वायर, पतंगाचा लोंबता दोरा, असल्या बारीक गोष्टी चित्रात उमटतच नाहीत. फेब्रुवारीत थोरल्याचा ड्रोन एका सर्व्हिस वायरपासून वीतभर अंतरावरून गेला. मला खालून दिसलं, त्याला चष्म्यातून नाही. मी ओरडलो म्हणून वाचला.

त्यात चित्र क्षणभर उशिरा पोचतं. सातवीच्या वर्गात मी याचं गणितच घातलं. ड्रोनचा वेग ताशी 50 किलोमीटर, चित्र समजा पाव सेकंद उशिरा, तर तुम्ही बघताय ती जागा सोडून ड्रोन किती पुढं गेलेला असेल? पोरांनी काढलं, सेकंदाला जवळजवळ 14 मीटर, म्हणजे पाव सेकंदात साडेतीन मीटर. एक पोरगी म्हणाली, "म्हणजे गुरुजी, आपटल्यावर कळणार." या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या मजकुरात इतकं नेमकं वाक्य मला सापडलं नाही.

म्हणूनच अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये नियमच आहे की चष्मा लावून ड्रोन उडवणाऱ्याशेजारी दुसरं माणूस हवं, जे उघड्या डोळ्यांनी ड्रोनकडं बघत राहील आणि उडवणाऱ्याशी बोलत राहील. आपल्याकडं 2021 च्या ऑगस्टमध्ये ड्रोन नियम आले. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंतचा मायक्रो, असे वर्ग त्यात पाडलेत. नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यातसुद्धा 400 फुटांच्या वर जायचं नाही. आमचा तीनशे ग्रॅमचा, म्हणजे मायक्रो, म्हणजे नोंदणी क्रमांक हवाच. हे सगळं मी वाचलं ते नंतर. अलीकडं आमच्या भागात उसावर फवारणीचे मोठे ड्रोन येतात. ते चालवणारी पोरं, आणि आता पोरीसुद्धा, बांधावर उभी राहून डोळ्यांनी यंत्राकडं बघत असतात. त्यांच्या तोंडावर मी असलं खोकं कधी पाहिलेलं नाही.

आमच्या घरात तो दुसरा माणूस म्हणजे थोरल्याचा चुलतभाऊ. वायरचा तो प्रकार झाल्यापासून मी नियम घातला होता: भाऊ शेजारी असेल तरच चष्मा, आणि अंधार पडायच्या आत खाली.

2024 च्या बकरी ईदचा, म्हणजे 17 जूनच्या पुढचा तो काळ. वाचकांपैकी कुणी आमच्या भागातलं असेल तर त्यांना ते दिवस आठवत असतील. दौंड, शिरूर, बारामती, इंदापूर या पट्ट्यात रात्री आकाशात ड्रोन फिरताना दिसतात अशा बातम्या सुरू झाल्या होत्या. चोर आधी ड्रोननं घरं हेरतात आणि मग येतात, अशी बोलवा उठली. शेजारच्या नगर, बीडकडंही तेच. विषय पार विधिमंडळापर्यंत गेला. वस्त्यावस्त्यांवर तरुण पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन रात्रभर जागत होती. कुठलाही लुकलुकणारा दिवा दिसला की आरडाओरडा.

मी थोरल्याला बजावलं होतं, हे निवळेपर्यंत ड्रोन बाहेर काढू नकोस. त्यानं महिनाभर काढलाही नाही. मग एका संध्याकाळी पाऊस उघडला, आकाश धुतल्यासारखं झालं, आणि त्याला राहवलं नाही. चुलतभाऊ पाहुण्यांबरोबर चौफुल्याला गेलेला. हा एकटाच घरापासून लांब, कॅनॉलच्या अंगाला असलेल्या बांधावर गेला आणि चष्मा लावला. नंतर तो शपथेवर सांगत होता, "अब्बा, उजेड होता, चांगला उजेड होता." तो खोटं बोलत नव्हता. हा कॅमेरा कमी प्रकाशात चित्र आपोआप उजळून दाखवतो. चष्म्याच्या आत संध्याकाळ दिवसासारखी होती, बाहेर अंधारून आलं होतं. ड्रोनच्या पोटाखालचे लाल-हिरवे दिवे आसपासच्या चार वस्त्यांवरून दिसत होते.

मी मगरिबच्या जमातीत होतो. फोन बंद. बाहेर येऊन लावला तर तात्यांचे सहा मिस्ड कॉल. तात्या म्हणजे आमच्या घरामागच्या उसाचे मालक. मी गाडी कुठं लावली, कसा पोचलो, काही आठवत नाही.

पुढं काय झालं होतं ते मी तात्यांच्याच तोंडून ऐकलं. वस्तीवरचे वीसेक लोक काठ्या घेऊन बांधाच्या तिन्ही बाजूंनी आले. थोरल्याला आवाज येत होते, पण जवळच गुऱ्हाळ चालू, इंजिनची धडधड, त्याला वाटलं गडी माणसं बोलताहेत. चष्मा उतरवून बघावं तर ड्रोन हातचा जाईल. लोकांना काय दिसलं? एक अनोळखी पोरगा, तोंडावर काळं खोकं, हातात यंत्र, आणि आम्ही ओरडतोय तरी वळूनही बघत नाही. बेडर चोर असंच वाटणार. कुणीतरी मागून खांदा धरला. हा दचकला, अंगठा दाबला गेला, ड्रोन तिरका होऊन उसात. मग कुणीतरी चष्मा ओढून काढला.

नाव विचारलं. यानं सांगितलं.

त्यानंतर क्षणभर कुणीच बोललं नाही, असं तात्या म्हणाले. त्या क्षणाबद्दल मी त्यांना जास्त विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तेवढ्यात टॉर्च घेऊन ते स्वतः पुढं झाले, "अरे सोडा, गुरुजींचा पोरगा आहे हा. दोन वर्षं माझ्या नातवाला इंग्रजी शिकवतोय." काठ्या खाली झाल्या. मी पोचलो तेव्हा थोरला बांधावर बसून पाणी पीत होता आणि त्याच्या हाताला इतका कंप होता की तांब्या दातांवर वाजत होता. ज्यानं खांदा धरला होता तोच पोरगा त्याच्यासाठी तांब्या घेऊन आला होता.

तात्यांनी मला बाजूला घेतलं. "गुरुजी, रागावू नका. पण पोरगं डोळ्याला पट्टी बांधून उभं होतं. वीस माणसं अंगावर आली तरी त्याला पत्ता नाही. आम्ही होतो म्हणून ठीक. दुसऱ्या गावची असती तर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ड्रोन शोधायला उसात शिरलो. अकरा महिन्यांचा अडसाली ऊस, आत गेलं की दोन हातांवरचं माणूस दिसत नाही. आमच्याकडं बिबट्याचा वावर आहे, म्हणून चौघंजण पत्र्याचे डबे वाजवत. पानांनी हात कापून निघाले. तासाभरानं सापडला, पाचटात रुतलेला, एक पाय मोडून.

तात्या म्हणाले, बघू तरी काय होतं त्यात. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट त्यांचा संशय पार फिटावा म्हणून मीच कार्ड टीव्हीला लावलं. बांध, कॅनॉल, वळणारा ऊस. मग ड्रोन वस्तीवरून गेला आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर तात्यांचं मागचं अंगण आलं. त्यांची सून नुकतीच न्हाऊन, केस मोकळे सोडून उंबऱ्यात बसलेली. चार-पाच सेकंदच. थोरला पांढराफटक पडला. "तात्या, खरंच सांगतो, मला दिसलं नव्हतं. मी वायर शोधत होतो." माझा त्याच्यावर विश्वास आहे. चष्म्यात त्याची सगळी नजर समोरच्या रेघेवर होती. अंगण त्याच्या पायाखालून गेलं, कॅमेऱ्यानं मात्र ते टिपून ठेवलं.

तात्या उठले, टोपी नीट केली आणि एवढंच म्हणाले, "ते पुसून टाक, पोरा." चहा न घेताच गेले. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी मागा ही सूरह नूरमधली ताकीद मी या पोरांना लहानपणी किती वेळा समजावली होती. दारातून शिरण्याबद्दल समजावली होती. वरून शिरता येईल असं तेव्हा कुणाच्या मनात होतं? त्याच संध्याकाळी थोरला आणि मी तात्यांकडं गेलो, त्यांच्यासमोर कार्ड कोरं केलं आणि माफी मागितली. त्यांच्या सुनेनं आतूनच चहा पाठवला. तो घेतला तेव्हा कुठं मला नीट श्वास घेता आला.

ड्रोन दुरुस्त होऊ शकला असता, पण नोंदणीचे कागद नाहीत, ते मिळवायला ज्याच्याकडून घेतला तो मुलगाही आता कुठं सापडत नाही. 2022 च्या फेब्रुवारीपासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, त्यामुळं असा दुसरा घेण्याचाही प्रश्न उरला नाही. थोरला अजून वाद घालतो. "अब्बा, मी एकटा गेलो ही चूक, वेळ चुकली ही चूक. चष्म्याचा काय दोष?" मी म्हणतो, एकटा गेलास हे खरं, पण किती अंधार आहे हे तुला कुणी कळू दिलं नाही? यावर तो थोडा गप्प होतो, मग म्हणतो, फोनवर उडवला असता तर मान वर करून बघितलं असतं. एवढं तो मान्य करतो. आता त्याला परवाना देणाऱ्या एखाद्या प्रशिक्षण केंद्रात रीतसर शिकायचंय, फवारणीचा ड्रोन. फी ऐकून मी विचार करतोय.

चष्मा कपाटावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळून. गेल्या आठवड्यात अम्मीनं विचारलं, "ते डोळ्यांना लावायचं डबडं कुठंय रे?"

"वर ठेवलंय, अम्मी. ड्रोन नाही उडत आता."

"कब्रस्तानातला लिंब छाटायचा म्हणत होते. छाटला का?"

"माहीत नाही."

"मग तूच बघून ये."

असरनंतर मी चालत गेलो. लिंब छाटला होता, रस्त्याकडच्या दोन फांद्या, अब्बांच्या बाजूची सावली तशीच ठेवली होती. घरी येऊन सांगितलं तर तिनं सगळं खोदून विचारलं. फांद्या केवढ्या होत्या, कुणी तोडल्या, दगडावर पाला पडलाय का, आणि तो मी झाडला का.